अमृतचुटकी आणि कडक कॉलर

पाव काळा पडला आणि कॅन्टीनमध्ये जमलेल्या दीडशे माणसांच्या तोंडून एकदम "अगं बाई!" निघालं. त्यातली निम्मी माणसं पुरुष होती.

पाव दुकानातला, साधा, पांढराशुभ्र. आचार्यजींनी तो सगळ्यांदेखत बंद पाकिटातून काढला, बशीत ठेवला आणि तपकिरी बाटलीतल्या 'सत्यजला'चे चार थेंब त्यावर सोडले. थेंब पडले तिथे पाव आधी जांभळट झाला आणि बघता बघता काळाकुट्ट. शेजारच्या बशीत काकडीची चकती होती. तिच्यावरही चार थेंब पडले, पण जराशी पिवळट होण्यापलीकडे ती ढिम्म राहिली.

"बघितलंत?" आचार्यजी अगदी हळू म्हणाले. हळू बोललं की माणसं पुढे वाकतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "हे विष. रोज सकाळी चहात बुडवून तुम्ही हेच पोटात ढकलता. आणि वर डॉक्टरला विचारता, डॉक्टर, मला झालंय तरी काय?"

सगळे खजील होऊन हसले. आचार्यजींनी चांदीच्या डबीतली केशरी पूड चिमटीत धरली, पेल्यातल्या पाण्यात सोडली, डोळे मिटले, ओठ हलवले आणि ते पाणी पावावर ओतलं. काळा रंग विरून गेला. पाव पुन्हा पांढरा झाला. ओला, लिबलिबीत, पण पांढरा. टाळ्यांनी पत्र्याचं छप्पर दणाणलं.

"ही अमृतचुटकी! आता सांगा, पथ्य कशाला? पाव खा, केक खा, तळलेलं खा. जिभेला उपाशी मारणं ही हिंसा आहे. पथ्य म्हणजे आपल्याच देहावर घेतलेला संशय! जेवणाआधी एक चुटकी, की विषाचं होतं अन्न आणि अन्नाचं होतं चैतन्य."

अन्नाचं चैतन्य होतं म्हणजे नेमकं काय होतं, ते कुणी विचारलं नाही. केक खायची परवानगी मिळत असताना व्याकरण कोण तपासतो?

ही सगळी मंडळी एका मोठ्या धुलाई कारखान्यातली. शहरातल्या इस्पितळांच्या चादरी, नर्सबाईंचे गणवेश, हॉटेलांचे टेबलक्लॉथ इथे येत, धुऊन, खळ घालून, इस्त्री होऊन परत जात. मॅनेजरला वरून हुकूम होता की कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी काहीतरी करा. कारखान्यातली वाफ कमी करणं, बसायला स्टुलं देणं, असली कामं खर्चाची. त्यापेक्षा दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत आचार्यजींना बोलावणं सोपं. ते फुकट येत. डब्या तेवढ्या विकत.

सगळ्यात मागे, भांडी घासायच्या मोरीजवळ, डागमावशी हाताची घडी घालून उभी होती. तीस वर्षं ती डाग काढायच्या टेबलावर होती. रक्त, शाई, तेल, औषध, रंग, काहीही आलं तरी तिचा पहिला प्रश्न एकच: "डाग कशाचा आहे?" ते कळल्याशिवाय ती कापडाला पाणीही लावत नसे. स्वभावाने ती तिखट. अख्ख्या कारखान्यात तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. पाच मिनिटांत तिने आचार्यजींचं 'चुटकीबाबा' असं बारसं करून टाकलं, नाक मुरडलं आणि नाक मुरडलं म्हणजे आपलं काम झालं अशा समजुतीने ती परत निघाली. तेवढ्यात तिचं लक्ष पहिल्या रांगेकडे गेलं. सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणारा माणूस तिचा सख्खा भाऊ होता.

भाऊ तिच्याहून सहा वर्षांनी धाकटा, इस्त्रीच्या मशिनवर कामाला. त्याला साखरेचा आजार होता आणि उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला एक जखम होती, जी भरायचं नाव घेत नव्हती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि खाणं सुधारायला सांगितलं. कारखान्यातलं, पाकिटातलं, पांढरं, गोड आणि तळलेलं बंद. शेतातून जसं येतं त्याच्या जितकं जवळ असेल तितकं चांगलं.

भावाने ते आठ महिने केलं. तपश्चर्येपेक्षा अवघड काम, कारण तपश्चर्या करणाऱ्याला लोक निदान नमस्कार तरी करतात. भावाच्या डब्यात उकडलेले हरभरे, अख्ख्या गव्हाचा जाडाभरडा पाव, पालेभाजी, काकडी, एखादं अंडं. डबा उघडला की मशिनवरचे सोबती विचारत, "काय रे, आज घोडा उपाशी ठेवून आलास वाटतं?" दर रविवारी मावशी भावाच्या घरी जाई आणि भावजयीबरोबर आठवड्याच्या भाज्या निवडून, धान्य भिजवून ठेवी. तरी गडी घसरायचाच. एकदा मावशीने त्याला वाफेच्या पाइपामागे क्रीमच्या बिस्किटांसकट पकडलं होतं.

"अक्का, दोनच खाल्ली गं."

"पाकिटात बारा असतात."

"बाकीची तुटकी होती."

तुटकं बिस्किट मोजत नाहीत, असा त्याचा नियम होता. पण दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं करत का होईना, तो पुन्हा हरभऱ्यांवर येई. घसरायचा, उठायचा. आठ महिन्यांत साखर उतरली होती, आणि जखम भरत भरत मसुरीच्या दाण्याएवढी उरली होती. आणि आता हा चुटकीबाबा.

तीन आठवड्यांत कारखान्याचा रंगच पालटला. ज्यांनी कधी काळी काकडी आणायला सुरुवात केली होती त्यांनी ती सोडली. दुपारी कॅन्टीनमध्ये केक, बिस्किटं, तळलेल्या बटाट्यांच्या परड्या, आणि प्रत्येकासमोर केशरी पाण्याचा पेला. घड्या घालणारी बाई तर चुटकीचं पाणी पिऊन वर दोन केक जास्त खाई. विष गेल्यामुळे पोटात जागा झाली, असं तिचं म्हणणं. इतकी वर्षं ज्याची चोरी वाटायची ते खाणं आता उपचारात मोडत होतं. माणसाला जे हवं असतं तेच त्याला औषध म्हणून दिलं, की तो पुरावा मागत नाही.

रविवारी मावशी भावाच्या घरी गेली तर भिजवायच्या धान्याचा डबा बंदच होता. भाऊ टेबलाशी बसून क्रीमचा केक खात होता. पाय खुर्चीवर, बोटाला नवं बँडेज, आणि बँडेजातून पिवळा ओघळ.

"वन्सं, आता तुम्हीच सांगा," भावजय रडवेली होऊन म्हणाली. "शुक्रवारी डॉक्टर म्हणाले, साखर दुप्पट झालीय. या गुरुवारी इस्पितळात दाखल व्हा म्हणाले, नाहीतर बोट जाईल. उशीर केलात तर पाऊलही जाईल म्हणाले. आणि हे म्हणतात, जायचंच नाही!"

"अक्का, हिला काही कळत नाही," भाऊ शांतपणे म्हणाला. "जखम वाहतेय ते चांगलं लक्षण आहे. विषाला बाहेर पडायला वाट लागते. आचार्यजींनी स्वतः बोट बघितलं."

"त्याने बोट बघितलं? कशाने? सत्यजलाने?"

"तू चेष्टाच कर. तुझ्या डोळ्यांदेखत काळा पाव पांढरा झाला ना? मग तो कसा झाला ते सांग."

मावशी सांगायला गेली आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला सांगता येत नाही. तिने बाबाला ढोंगी म्हटलं, भामटा म्हटलं, भावाला मूर्ख म्हटलं. 

"नाही ना सांगता येत?" भाऊ म्हणाला. "बुधवारी माझी पथ्यमुक्ती आहे. सगळ्यांसमोर. डबा आणि गोळ्या आचार्यजींच्या स्वाधीन करायच्या. गुरुवारी मी कामावर जाणार."

सोमवारी सकाळी मावशीच्या टेबलावर इस्पितळाचा गठ्ठा आला. वरच नर्सबाईचा एक एप्रन. खळ घालून ताठ केलेली कॉलर, आणि कॉलरवर जखमेला लावायचं आयोडीन सांडलेलं. डाग निळाकाळा. हा डाग आठवड्यातून दहा वेळा यायचा. कोऱ्या कापडावर आयोडीन तपकिरी दिसतं, खळीच्या कापडावर काळं, हे मावशीला पाठ होतं. तिने बघितल्या न बघितल्यासारखं करून फळीवरची बरणी काढली. बरणीत क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची पूड असे. त्याच त्या केशरी, आंबट गोळ्या, ज्या मुलं चघळतात. चिमूटभर पूड पाण्यात विरघळवून तिने कॉलरवर ओतली. डाग नाहीसा झाला. कॉलर पांढरी.

मावशीचा हात तिथेच थांबला.

तिने कॉलरकडे बघितलं, बरणीकडे बघितलं, आणि मग स्वतःलाच दोन शेलक्या शिव्या घातल्या. तीस वर्षं जे स्वतःच्या हाताने केलं, तेच समोर बशीत दिसलं तर ओळखता आलं नाही! का, तर कापडाऐवजी पाव होता. एकट्या तिलाच नव्हे. अख्ख्या कारखान्यात खळ शिजवणारे होते, आयोडीनच्या चादरी वेगळ्या काढणारे होते, आणि त्या सगळ्यांनी टाळ्या पिटल्या होत्या. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पण बाकीचे निदान भारावले होते. ती तर शहाणी होती. तिने नाक मुरडलं होतं, आणि नाक मुरडणं म्हणजे तपासणं नव्हे. तीन आठवडे ती नुसती टोमणे मारत बसली आणि तेवढ्यात भावाचं बोट सडलं. याची तिला मनापासून लाज वाटली.

संध्याकाळी ती आयोडीनची बाटली घेऊन भावजयीच्या स्वयंपाकघरात उभी राहिली. भाऊ अजून पाळीवरून आला नव्हता. उकडलेल्या हरभऱ्याचे दोन भाग केले, थेंब टाकला: काळा. अख्ख्या गव्हाचा पाव: काळा. भात, बटाटा, कच्चं केळं: काळं, काळं, काळं.

"अगं बाई, म्हणजे यांच्या डब्यात मी आठ महिने विषच देत होते?" भावजय घाबरली.

"विष नाही गं, पिष्ट. पिठूळ असेल ते ते काळं पडणार. चांगलं असो की वाईट, थेंबाला काय कळतंय? आता साखर आण."

चमचाभर साखरेवर थेंब पडला. साखर जराशी पिवळी झाली आणि साळसूदपणे तशीच राहिली. दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. ज्या साखरेपायी माणूस पाय गमावायला निघाला होता, तिला बाबाच्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण होते.

बुधवारी कॅन्टीन खच्चून भरलं. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर चुटकीच्या डब्यांचा मनोरा. भाऊ लंगडत पुढे आला. एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात गोळ्यांची पिशवी.

"हा बघा भाग्यवान!" आचार्यजींनी हात पसरले. "आठ महिने यानं स्वतःच्या देहाला तुरुंगात टाकलं. आज त्याची सुटका!"

"सुटका जरा थांबवा," मागून आवाज आला. मावशी गर्दीतून वाट काढत पुढे आली. हातात एप्रन, बरणी, आणि वाटीत साखर. "बाबा, आधी त्याच्या डब्यातल्या हरभऱ्यावर तुमचं सत्यजल टाका."

"अक्का, सगळ्यांसमोर नको," भाऊ दात आवळून म्हणाला.

"हे नैसर्गिक अन्न आहे, माई," आचार्यजी गोड हसले. "त्याच्या परीक्षेची गरज नाही."

"मग भीती कसली? हातच्या कंकणाला आरसा कशाला! टाका."

मॅनेजरने घड्याळ बघितलं. लोकांनी माना उंच केल्या. नाही म्हणायची सोय राहिली नाही. आचार्यजींनी फोडलेल्या हरभऱ्यावर थेंब टाकला. हरभरा काळा पडला. गर्दीत कुजबूज झाली.

"शिजवणाऱ्याच्या मनात कलह असला की अन्न दूषित होतं," आचार्यजी म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगणाची मालकीण म्हणजे बिचारी भावजय.

"असेल. आता या साखरेवर."

साखर काळी पडली नाही. मावशीने वाटी सगळ्यांना फिरवून दाखवली. "बघून घ्या. बाबांच्या हिशेबाने हरभरा विष आणि साखर अमृत. आता हे बघा." तिने खळीचा एप्रन टेबलावर पसरला आणि बाबाच्या हातातली बाटली घेऊन कॉलरवर थेंब पाडले. कॉलर काळीकुट्ट झाली. "एप्रनने केक कधी खाल्ला?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. खळ शिजवणारा म्हातारा उठून उभा राहिला आणि कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे, हा तर आपला आयोडीनचा डाग!"

"सत्यजल म्हणजे पातळ केलेलं आयोडीन. औषधाच्या कुठल्याही दुकानात मिळतं. पाव पिठाचा, खळ पिठाची, हरभऱ्यातही पीठ. म्हणून तिन्ही काळे. काकडीत पीठ नाही, म्हणून ती सती. आणि अमृतचुटकी ही." तिने स्वतःच्या बरणीतली पूड पाण्यात घालून कॉलरवर ओतली. डाग गेला. "मी डोळे मिटले नाहीत, ओठ हलवले नाहीत. तरी गेला."

"माझ्या सान्निध्यामुळे!" आचार्यजी ओरडले. आवाज हळू ठेवायचं भान आता सुटलं होतं. "या वास्तूत माझी शक्ती तीन आठवडे मुरली आहे!"

"मी हा डाग तीस वर्षं काढतेय. तेव्हा तुमची शक्ती कुठे मुरत होती?"

हशा पिकला. पण मावशी हसली नाही. ती भावाकडे वळली आणि त्याच्या हातात एप्रन दिला. "कॉलर चिमटीत धर. तीस वर्षं कपडे हाताळतोयस, तुला कुणी शिकवायला नको. खळ गेली का?"

भावाने ओली कॉलर बोटांत धरून चोळली. खळीचा बुळबुळीतपणा तसाच होता. मग मावशीने इस्त्रीखात्यातून मागवलेली गरम इस्त्री फिरवली आणि कॉलर पुन्हा त्याच्या हातात दिली. ती पुठ्ठ्यासारखी कडक होती.

"नाही गेली," तो म्हणाला.

"आता पुन्हा थेंब टाक. भरपूर टाक."

थेंब पडले. कॉलर पुन्हा काळी झाली.

"पूड त्या थेंबांना मारते, खळीला नाही. पावाचंही तेच. रंग गेला, पाव जागच्या जागी राहिला. तू खाल्लेला एकेक केक पुरताच्या पुरता तुझ्या पोटात गेलाय आणि त्याची साखर पायात उतरलीय. तुझ्या बोटातून विष बाहेर पडत नाहीये. ते बोट मरतंय."

आचार्यजींनी तेवढ्यात डब्या पिशवीत भरल्या आणि या जागेची स्पंदनं बिघडल्याचं जाहीर करून ते निघून गेले. मॅनेजर त्यांना दारापर्यंत सोडायला गेला, सवयच ती. घड्या घालणाऱ्या बाईने जाता जाता त्यांच्याकडून दोन डब्या विकत घेतल्या. "असू दे घरात," ती म्हणाली. पालथ्या घड्यावर पाणी ओतायलाही काही मर्यादा असते, म्हणून मावशी तिला काही बोलली नाही.

भाऊ त्याच दुपारी इस्पितळात दाखल झाला. बोट वाचलं नाही. डॉक्टर म्हणाले, पाऊल वाचलं तेच नशीब. तीन आठवड्यांपूर्वी आला असतात तर बोटही राहिलं असतं. मावशीने ते ऐकलं आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. सगळा कारखाना तिला जिंकलेली समजत होता. तिला तसं मुळीच वाटत नव्हतं.

दीड महिन्याने भाऊ कामावर आला. जेवणाच्या सुट्टीत सगळे भोवती जमले आणि बाबाला शिव्या द्यायला लागले. कुणी म्हणे त्याला बेड्या घाला, कुणी म्हणे तोंड काळं करा. तेच ते, टाळ्या पिटणारे हात.

"बस करा," भाऊ म्हणाला. "त्याने फसवलं, ते खरंच. पोलिसांत तक्रार मी दिलीय. पण मला फसायचं होतं, त्याचं काय? आठ महिने मी रोज हरभरे खात होतो आणि रोज मला त्यांचा कंटाळा यायचा. आजही येतो. रोज भाजी निवडा, रोज धान्य भिजवा, रोज तुमची थट्टा ऐका. त्यात टाळ्या नाहीत. त्याने सांगितलं, एवढं करायला नको, चिमूटभर पूड पुरे. मी धावत गेलो. अक्काने एक प्रश्न विचारला: हेच दुसऱ्या कशावर करून दाखवा. एवढं मलाही विचारता आलं असतं. शाळा लागत नाही त्याला. मी विचारलं नाही, कारण उत्तर काय येईल ते मला आतून माहीत होतं, आणि मला केक हवा होता."

भावाने बूट काढला, मोजा काढला आणि चार बोटांचा पाय बाकावर सगळ्यांसमोर ठेवला.

"पुढच्या वेळी कुणी सोपं काही विकायला आला, तर आधी विचारा. बोट असेपर्यंत विचारा."